याकूतचा तिरका काप

असरची नमाज झाली की वाशिंदमधल्या आमच्या गॅलरीत मी चाकू आणि बांबूच्या कामट्या घेऊन बसतो. इफ्तारला तास-दीड तास असतो. पोटात काही नसतं आणि वाचायला घेतलं तर ओळी डोळ्यांपुढून नुसत्या सरकतात. अशा वेळी हाताला काम बरं. मुरबाडकडच्या एका विद्यार्थ्याने आणून दिलेल्या कळकाच्या या कामट्या. त्यांचं टोक तासायचं, मधोमध चीर द्यायची आणि शेवटी एक काप. त्या मुलानं परवा विचारलं, सर, शेवटचा काप सरळ का देत नाही, तिरका का? चार घरं सोडून राहणाऱ्या पोराला दोन वाक्यांत उत्तर देऊन टाकायचं ठरवलं होतं. पण मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात गेला, सरबताचा पेला रिकामा झाला, तरी मी बगदादमध्येच होतो. त्याला जे सांगितलं ते आज या पानावर सांगतो.

तिरक्या कापाचं नाव निघालं की खत्तातांच्या, म्हणजे सुलेखनकारांच्या, जगात एक माणूस आठवतोच. याकूत अल-मुस्तासिमी. तेराव्या शतकातला, बगदादचा. अरबी अक्षर लिहिणाऱ्यांनी त्याला सुलेखनकारांचा किब्ला म्हटलं. तो जन्मला कधी, हे नोंदलेलं नाही. कुठे, याबद्दल परंपरा आहे, ती आजच्या तुर्कस्तानातल्या अमास्या गावाकडे बोट दाखवते. आई-बाप कोण, ठाऊक नाही. त्याच्या नावापुढे इब्न अब्दुल्लाह, म्हणजे अब्दुल्लाहचा मुलगा, असं लागतं. पण बाप माहीत नसलेल्या गुलामांच्या नावापुढे तेव्हा हेच लावायची रीत होती. अब्दुल्लाह म्हणजे अल्लाहचा बंदा. बापाच्या रकान्यात काहीतरी भरायचं, तर हे भरायचं.

याकूत हे नावही आई-बापांनी ठेवलेलं नव्हे. याकूत म्हणजे माणिक. विकत घेतलेल्या गुलामांना रत्नांची आणि सुगंधांची नावं द्यायची ती एक पद्धत होती. लूलू म्हणजे मोती, काफूर म्हणजे कापूर, अंबर म्हणजे तो समुद्रातला सुगंधी पदार्थ. ही नावं आपल्याला परकी नाहीत. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर आपण शाळेत वाचलेला असतो. मुंबईच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान कोकणाला माहीत आहे. आणि निजामशाही सांभाळणारा, खडकी शहर वसवणारा मलिक अंबर. त्या हबशी मुलाला अंबर हे नाव मिळालं तेही बगदादच्याच एका धन्याकडून, याकूतनंतर तीनशे वर्षांनी. माणसाला वस्तूचं नाव द्यायचं आणि मग त्या माणसानं ते नाव वस्तूपेक्षा मोठं करायचं, असं या यादीत पुन:पुन्हा घडलेलं दिसतं.

आपला याकूत अब्बासी घराण्याचा शेवटचा खलिफा मुस्तासिम याच्या वाड्यात वाढला. मुस्तासिम १२४२ साली गादीवर आला. याकूत खोजा होता, म्हणजे लहानपणीच त्याच्या शरीरावर तो अत्याचार झालेला होता. ज्या खलिफाच्या मालकीचा तो होता, त्याच्या नावावरूनच तो मुस्तासिमी झाला. हे मी मुद्दाम सांगतो. कारण त्याच्या अक्षराचं कौतुक करणारी पुस्तकं हा भाग एका ओळीत उरकतात.

खलिफाच्या वाड्यात ग्रंथालय होतं, आणि तिथे एक अफलातून माणूस नकला करायच्या कामाला होता. सफीउद्दीन उरमवी. इराणच्या उरमिया गावाहून तरुणपणी बगदादला आलेला. अक्षर सुंदर म्हणून नोकरी मिळाली, पण खरा जीव संगीतात. सप्तकाचे सतरा भाग पाडून त्याने स्वरांचा जो हिशोब मांडला, तो पुढे कित्येक शतकं अरबी-इराणी संगीताचा पाया होता. त्याचं गाणं-वाजवणं खलिफाच्या कानावर उशिरा गेलं. तोवर तो नुसता नकलनवीस म्हणून बसून होता. याकूतला अक्षर शिकवणाऱ्यांत या सफीउद्दीनचं नाव येतं. गुरू स्वरांची अंतरं मोजणारा होता, तर शिष्याने अक्षरांची अंतरं मोजली यात मला तरी योगायोग वाटत नाही. अर्थात हा माझा अंदाज.

मोजण्याची ही रीत याकूतच्याही आधीची. बगदादमध्येच तीनशे वर्षांपूर्वी इब्न मुकला नावाचा वजीर होऊन गेला. तीन वेळा वजीर झाला आणि तिन्ही वेळा पडला. ९३६ साली त्याचा उजवा हात तोडला गेला, आणि ९४० साली तो कैदेतच मेला. मधल्या काळात तो दंडाला लेखणी बांधून लिहीत होता, असं सांगतात. या माणसाने अक्षराला माप दिलं. लेखणी कागदावर टेकवून थोडी ओढली की चौकटीच्या एक्क्यासारखा ठिपका उमटतो, तो नुक्ता. तोच फूटपट्टीचा एक भाग धरायचा. अलिफ किती नुक्त्यांचा, त्या अलिफला व्यास धरून काढलेल्या वर्तुळात बाकीची अक्षरं कशी बसतात, असा सगळा हिशोब. त्यानंतर शंभरेक वर्षांनी इब्न अल-बव्वाब आला. त्याचा बाप द्वारपाल होता, नावच तसं पडलं. इब्न मुकलाच्या मापात जो कोरडेपणा होता तो याने घालवला. त्याने लिहिलेली कुरआनची एक प्रत, हिजरी ३९१ ची, म्हणजे इसवी १०००-०१ ची, आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

याकूतने याच दोघांचे कित्ते गिरवले. उर्दूत याला मश्क म्हणतात, मराठीत गिरवणं. दोन्ही शब्दांत तेच तेच पुन्हा करण्याचा कंटाळा आणि त्यातून येणारी पकड एकत्र आहे. माप मिळालेलं होतं, डौल मिळालेला होता. मग याकूतसाठी उरलं काय? उरलं होतं लेखणीचं टोक.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा भाग हातात लेखणी घेतल्याशिवाय कळत नाही. बोरूचं कलम तयार करताना आधी टोकाकडचा भाग तिरपा तासून पातळ करतात. मग मधोमध उभी चीर देतात, तिच्यातून शाई उतरते. आणि शेवटी हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या छोट्या पट्टीवर टोक ठेवून, चाकूचा एकच दाब देऊन ते कापतात. या शेवटच्या कापाला उर्दूत कत म्हणतात, पट्टीला कतगीर. काप एकाच झटक्यात व्हावा लागतो. चाकू दोनदा फिरला की टोकाला दात येतात आणि ते कागदावर खरवडतं. जुने कातिब नुसत्या आवाजावरून काप बसला की फसला ते सांगायचे. आणि कत हा शब्द पुढे मापालाच लागला. नस्तालीकचा अलिफ तीन कतांचा, असं आजही शिकवतात.

टोक सरळ कापलं तर लेखणी आडवी ओढताना बारीक रेघ येते, उभी ओढताना जाड. जाड-बारीक मिळतं, पण ठरावीक जागी मिळतं, अचानक मिळतं. टोक तिरकं कापलं की जाडीची जागा बदलते. आता रेघ वळताना हळूहळू भरते आणि हळूहळू विरते. मनगट वाकडं करण्याची गरज पडत नाही, कारण जो कोन मनगटाने द्यायचा तो चाकूने आधीच दिलेला असतो. शिवाय तिरक्या टोकाला एक कोपरा जास्त पुढे येतो. अक्षर संपवताना लेखणी थोडी उचलून त्या एका कोपऱ्यावर आणली की केसासारखी बारीक शेपटी काढता येते.

याकूतच्या आधी तिरका काप कुणाला माहीतच नव्हता असं नाही. लेखणी कशी कापावी यावर त्याआधीही लिहिलं गेलं होतं, आणि काही उस्ताद आपला काप शिष्यांपासूनही लपवून ठेवत. पण नंतरच्या लेखकांनी एकमुखाने याकूतच्या नावावर घातलं ते हे की त्याने टोकाची जीभ लांब ठेवली, काप जास्त तिरका केला आणि सगळं अक्षर त्या कापावर नव्याने बसवलं. लेखणी कशी तासावी याबद्दलची जी सूचना हजरत अलींच्या नावावर चालत आली आहे, तिचा अर्थ याकूतला असा लागला, असंही ते सांगतात. परिणाम डोळ्यांना दिसतो. इब्न अल-बव्वाबचं अक्षर भरदार, गोल. याकूतचं त्याहून सडपातळ, उभ्या रेघा ताठ, आणि बारीक-जाड यांतला फरक जास्त मोकळा.

सहा लिप्या त्याने या कापावर घटवल्या. सुलुस, नस्ख, मुहक्कक, रैहान, तौकी आणि रिका. यातली रैहान ही मुहक्ककची धाकटी बहीण. रैहान म्हणजे तुळशीच्या कुळातलं ते सुवासिक झाड, ज्याचं बी आपण सब्जा म्हणून इफ्तारच्या सरबतात टाकतो. लिपी कशी दिसत असेल याची कल्पना नावावरून यावी.

कापाचं हे शास्त्र अरबीपुरतं नाही. देवनागरीचा बोरूही तिरकाच कापतात. प्रत्येक लिपीचा कोन तेवढा वेगळा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच लिहिला आहे. त्यात निरनिराळ्या देशांचे बोरू आणण्यापासून टाक तऱ्हेतऱ्हेने तोडण्यापर्यंत सगळं येतं. तो समास मी उर्दूच्या वर्गात सांगतो आणि याकूत मराठीच्या मुलांना सांगतो. दोन्हीकडे मुलं चकित होतात.

आणि ज्यांच्या खिशात अजून शाईचं पेन आहे त्यांच्यासाठी, हाच काप आज ऑब्लिक निबच्या रूपात मिळतो. आपल्या डाव्या पायाकडे वरून पाहा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटांची जशी उतरण दिसते, तसं या निबचं टोक असतं. लिहिताना ज्यांचं पेन आपोआप थोडं डावीकडे कलतं त्यांना ती निब वरदान. माझी पहिली ऑब्लिक निब मी हौसेने घेतली आणि आठवडाभर ती कागद खरवडत राहिली. दोष निबचा समजून ती खणात टाकली होती. वर्षभराने कळलं की मी पेन सरळ धरत होतो, त्यामुळे टोकाचा एकच कोपरा कागदाला लागत होता. पेन बोटांत जरासं फिरवलं आणि ती लोण्यासारखी चालू लागली. म्हणून घेणाऱ्यानं एवढंच करावं. दुकानात नुसत्या रेघोट्या मारू नयेत, आपल्या नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या कागदावर, चार ओळी लिहून पाहाव्यात. टोकाची पूर्ण धार कागदावर बसत असेल तरच ती निब आपली. फार बारीक टोकात तिरकेपणाचा फायदा दिसत नाही, मध्यम किंवा रुंद घ्यावी. पेन धरायची सवय बदलण्यापेक्षा सवयीला मानवेल असा काप शोधणं सोपं. याकूतनेही एका अर्थी तेच केलं होतं. फक्त त्याच्याकडे दुकान नव्हतं, चाकू होता.

आता १२५८. जानेवारीच्या अखेरीस हुलागू खानाच्या मोंगल फौजेनं बगदादला वेढा घातला. १० फेब्रुवारीला शहर शरण गेलं. नंतरचे दिवस कत्तलीचे आणि लुटीचे. २० फेब्रुवारीला खलिफा मुस्तासिमला मारण्यात आलं. त्याला गालिचात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली तुडवलं अशी कथा आहे, कारण राजरक्त जमिनीवर सांडणं मोंगल अशुभ मानत. पाचशे वर्षांची खिलाफत संपली. ग्रंथालयांतली पुस्तकं दजला नदीत फेकली गेली आणि पाणी शाईनं काळं झालं, हे तर प्रत्येकानं ऐकलेलं असतं. त्यात अतिशयोक्ती किती हा भाग वेगळा, पण तेव्हाची शाई काजळी आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांची होती. डिंक पाण्यात विरघळतो. पान भिजलं की अक्षर सुटतं.

त्या दिवसांत याकूत कुठे होता? कथा अशी की तो दौत आणि लेखणी घेऊन एका मशिदीच्या मिनारात चढून बसला. कागद न्यायला वेळ मिळाला नव्हता. जवळ लिननच्या कापडाचा तुकडा होता, त्यावर तो अक्षरं घोटत राहिला. खाली शहर जळत होतं. कुणी ओळखीचा धापा टाकत वर आला, शहर बुडालं, तू हे काय करत बसलास असं म्हणाला, तर याकूतनं त्याला कापडावरचं एक अक्षर दाखवलं, आज हे जसं साधलंय तसं आयुष्यात कधी साधलं नव्हतं, अशा भावनेनं.

ही कथा मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. साधना कशी असावी याचं उदाहरण म्हणून. मुलं गप्प होत, मलाही भरून येई. अलीकडे ती सांगताना माझी जीभ अडखळते. गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनीच सहरीच्या वेळी मोबाइलवर पडलेल्या इमारती पाहिल्या आहेत, त्यांच्याखालून काढलेली मुलं पाहिली आहेत. अशा वेळी वर मिनारात बसून एका अक्षराच्या वळणावर खूश होणारा माणूस मला पूर्वीसारखा थोर वाटेना. मागच्या वर्षी एका मुलीनं सरळ विचारलंच, सर, तो खाली उतरून कुणाला मदत का करत नव्हता? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

नंतर विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ही कथा रचणारे सगळे नंतरचे लोक होते, बहुतेक दरबारांत सुखाने बसलेले. त्यांना त्या मिनारात कलावंताची मस्ती दिसली. पण तिथे बसलेला माणूस खोजा गुलाम होता. लहानपणी विकला गेलेला, शरीर तोडलेलं, ना घर ना नातं, आणि ज्याच्या नावानं ओळखला जायचा तो धनी खाली मरत होता. त्याच्याकडे स्वत:चं म्हणावं असं काय होतं? एक हात आणि एक काप. घाबरलेला माणूस हातातल्या कामाला चिकटतो. तसबीहचे मणी ओढावेत तसं त्याने तेच अक्षर पुन:पुन्हा काढलं असेल. मला आता तो मिनारातला याकूत शूर वाटत नाही, निष्ठुरही वाटत नाही. भ्यालेला वाटतो. त्या मुलीला हे सांगायचं राहून गेलं आहे.

त्याचा गुरू सफीउद्दीनही वाचला, तो वेगळ्या तऱ्हेनं. त्याने हुलागूसमोर वाजवून दाखवलं आणि खूश झालेल्या हुलागूनं त्याला अभय दिलं, तनखाही बांधून दिला. मात्र अखेर चांगली नव्हती. १२९४ साली, म्हातारपणी, कर्जापायी तुरुंगात पडलेला सफीउद्दीन तिथेच वारला. त्याचा हिशोब फक्त स्वरांत चालत असावा.

मोंगलांनी शहर मारलं, पण कारभार चालवायला त्यांना लिहिणारे-वाचणारेच लागले. दुसऱ्याच वर्षी बगदादचा कारभारी म्हणून अता मलिक जुवैनी आला. चंगीझ खानाचा इतिहास लिहिणारा तो हाच. इराणी मुसलमान, विद्वान, आणि शहर जाळणाऱ्यांचा नोकर. त्याच्या घराण्यानं याकूतला आश्रय दिला; घरातल्या मुलांना अक्षर शिकवायला ठेवलं. दजलेच्या काठी मुस्तासिमच्या बापानं बांधलेला मुस्तनसिरिया मदरसा त्या आगीतून वाचला होता, आजही त्याची इमारत उभी आहे. तिथल्या ग्रंथालयात याकूत काम करत होता असं सांगतात. ज्यांनी आपल्या धन्याला मारलं त्यांच्याच चाकरांची चाकरी त्याने केली, असं कुणी म्हणू शकेल. पण बुडालेल्या शहरातली पुस्तकं पुन्हा लिहायची तर ती कुठल्या राज्यात लिहायची? दुसरं राज्य नव्हतं.

आणि तो लिहीत राहिला. रोज दोन पारे लिहायचे, असा त्याचा नेम होता म्हणतात. आपण तरावीहमध्ये रोज साधारण एक पारा ऐकतो तेव्हा महिनाभरात कुरआन पुरा होतो. ऐकतानाही पाय भरून येतात, हे तरावीहला उभं राहणाऱ्याला सांगायला नको. दोन पारे रोज लिहायचे म्हणजे पंधरा दिवसांत एक प्रत, महिन्याला दोन. त्याने एक हजार एक कुरआन लिहिले अशी दंतकथा आहे. मी एकदा हिशोब घालून पाहिला. या वेगानं हजार एक प्रतींना बेचाळीस वर्षं लागतात, एकही दिवस न चुकता. बगदाद पडल्यापासून याकूतच्या मृत्यूपर्यंत चाळीस वर्षं होतात. आकडा कथेतलाच आहे, पण कथा सांगणाऱ्यानं गणित बरं जमवलंय.

रोज लिहिणाऱ्याची लेखणीही रोज झिजते. काही पानं लिहिली की टोक बोथट होतं, पुन्हा तासायचं, पुन्हा काप द्यायचा. आणि दरवेळी तोच कोन साधायचा, नाहीतर दहाव्या पाऱ्याचं अक्षर पहिल्याशी जुळणार नाही. मला त्याच्या अक्षराहून या गोष्टीचं नवल जास्त वाटतं. सुंदर काप एखाद्या दिवशी कुणालाही बसतो. माझाही बसतो, दहा कामट्यांतून एक.

याकूतचे शागीर्द पुष्कळ, पण सहा जणांची नावं विशेष घेतात. कोण ते सहा, यावर याद्या जुळत नाहीत. अहमद सुहरवर्दी आणि अर्गून कामिली ही नावं बहुतेक याद्यांत सापडतात. या अहमद सुहरवर्दीनं चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बगदादमध्येच मोठ्या अक्षरात तीस भागांचा एक कुरआन लिहिला. त्याची पानं आज देशोदेशींच्या संग्रहांत विखुरली आहेत. तर या सहा शागिर्दांना याकूतनं मुभा दिली होती म्हणतात की तुमचं अक्षर माझ्या तोडीचं झालं की खाली माझं नाव घालायला हरकत नाही.

गुलामाला दिलेलं ते नाव. ते त्याने असं वाटून टाकलं.

त्याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. याकूतच्या सहीच्या प्रती इतक्या झाल्या की जाणकारांना डोकं धरायची पाळी आली. त्यात शागिर्दांच्या आहेत, शागिर्दांच्या शागिर्दांच्या आहेत, आणि बाजारात भाव यावा म्हणून सरळ खोटी सही ठोकलेल्याही आहेत. काहींवर तो मेल्यानंतरची सालं आहेत. आज अभ्यासक एकेक पान भिंगाखाली धरून बसतात आणि नि:संशय त्याच्या हातचं म्हणावं असं थोडंच उरतं. तुर्की, इराणी, हिंदुस्थानी दरबारांनी त्याच्या नावाची पानं जवाहिरासारखी जपली. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाला, आपली राजधानी उचलून दौलताबादला आणणाऱ्या त्याच सुलतानाला, इब्न सिनाच्या शिफा या ग्रंथाची याकूतच्या हातची प्रत कुणी भेट दिली आणि त्याने त्या बदल्यात सोन्याची रास ओतली, असं सांगितलं जातं. पुढे मोगल काळात अक्षर फार साधलं की खुशनवीसाला किताब मिळायचा, याकूत रकम. म्हणजे याकूतसारखं लिहिणारा.

याकूत १२९८ साली बगदादमध्येच वारला. वय नोंदलेलं नाही, पण खूप म्हातारा होता. इमाम अहमद बिन हंबल यांच्या कबरीजवळ त्याला दफन केलं असं जुन्या नोंदी सांगतात.

त्या मुलानं हे सगळं ऐकून घेतलं, सरबत संपवलं, आणि चाकू मागितला. त्याचा पहिला काप चुकला, दुसरा चुकला. तिसरा बरा बसला. त्याने कामटी शाईत बुडवून एक अलिफ काढला आणि शेजारी एक क काढला. क चांगला आला. अलिफ अजून जरा जाड आहे.